इको यायचाय

खोक्यावर गिटारचं चित्र असायचं, पण आमच्या दुकानातून ती वस्तू एकाही गिटारवाल्यानं कधी नेली नाही. मुळात जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तेव्हा गिटार वाजवणारी माणसं होती किती! पुण्याला कॉलेज करून परतलेला एखादा मुलगा गिटार भिंतीला टांगून ठेवायचा, तेवढंच. गिटारची पेडलं आम्ही विकायचो ती लग्नात वाजवणाऱ्या बेंजोवाल्यांना.

बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. त्याला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी पट्टी, लावून भोंग्यावर सोडलं की निम्म्या गावाला ऐकू जातं. पण नुसता बेंजो कोरडा वाजतो. बोट उचललं की स्वर तिथल्या तिथं तुटतो. तो थोडा रेंगाळावा, एकाचे दोन-तीन होत होत विरावा असं वाटत असेल, तर मध्ये एक चपटी लोखंडी डबी जोडावी लागते आणि ती पायानं दाबावी लागते. खोक्यावर तिचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव असायचं. आमच्याकडे तिला सगळे इको म्हणत.

दुकान नारायणगावात, हायवेला लागून. आजोबांनी तिथं कंदील आणि पेट्रोमॅक्स विकले, वडिलांनी रेडिओ विकले आणि माझ्या वाट्याला भोंगे, माईक आणि मिक्सर आले. तमाशाचे फड, गणपती मंडळं, भजनी मंडळं, बेंजो पार्ट्या. ज्याला म्हणून मोठ्यानं काही ऐकवायचं आहे तो आमच्या दारात येणारच. मला स्वतःला मोठ्या आवाजाचा तिटकारा आहे. हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही, सांगायचं कारणही नव्हतं. हलवाई तरी स्वतःची जिलेबी कुठं खातो!

माल मुंबईहून यायचा, आणि त्याची एक गंमत होती. इथले टोमॅटोचे टेम्पो वाशीच्या मार्केटला माल उतरवून रिकामे परत येत. त्या रिकाम्या क्रेटांमध्ये आमची पार्सलं बसून यायची. ट्रान्सपोर्टपेक्षा लवकर आणि ड्रायव्हर ओळखीचे. फक्त सगळं टोमॅटोवर अवलंबून. भाव पडला की टेम्पो उभे, टेम्पो उभे की माझा माल मुंबईत उभा. बोरी गावात टोमॅटोवर करपा पडला म्हणून भजनी मंडळाचा माईक लांबला, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. आमच्या गिऱ्हाइकाला मात्र ते लगेच पटायचं, कारण करपा त्याच्याच शेतात पडलेला असायचा.

वडिलांचा एक नियम होता. दुकानदारानं 'नाही' म्हणायचं नाही, 'यायचाय' म्हणायचं. "नाही म्हटलं की माणूस पायरी उतरतो," ते म्हणत, "यायचाय म्हटलं की बसतो, पाणी मागतो." मी या नियमावर वैतागायचो. गिऱ्हाइकाला झुलवत ठेवायचं म्हणजे काय! पण गल्ल्यावर बसायला लागल्यावर चार-सहा महिन्यांत माझ्याही तोंडात तोच शब्द बसला.

निरगुडसरचे एक मास्तर आमचे जुने गिऱ्हाईक होते. शाळेतले नव्हेत, बेंजोचे. थोडी शेती आणि लग्नसराईत पार्टी, असा त्यांचा प्रपंच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी आमच्याकडून पहिला इको नेला. दुकानात तो जोडून बघताना त्यांनी एकच स्वर छेडला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. स्वर विरला, पार संपला, तरी त्यांची मान तशीच. गल्ल्यावर दोन माणसं खोळंबली होती. मला वाटलं, यांना पसंत नाही. मग ते म्हणाले, "शेठ, ह्यात मी वाजीवल्यालं मला परत मिळतं." एवढं बोलून त्यांनी इको पिशवीत घातला आणि गेले.

चार-पाच हंगाम तो इको त्यांच्या पायाखाली होता. मग एका वरातीत भोंगे लादलेला वाजवण्याचा गाडाच उतारावरून सुटला आणि चाक इकोवरून गेलं. डबी चेपली, आतली सर्किटची पाटी दुभंगली. मास्तर ती फडक्यात बांधून घेऊन आले. मी बघितलं आणि सांगितलं, नवाच घ्यावा लागेल. "मग द्या की," ते म्हणाले. मी म्हणालो, "यायचाय."

त्यानंतर वर्षभर माझं आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचं एकच बोलणं चाललं होतं. तो कधी म्हणायचा, माल बंदरात आहे. कधी म्हणायचा, कस्टममध्ये आहे. एकदा म्हणाला, रस्त्यात आहे. मी विचारलं, कुठल्या रस्त्यात? तर फोन कट. शेवटी त्यानं खरं काय ते सांगितलं. त्या इकोच्या पोटात एक काळी चिप असते, ती बनवायचीच बंद झाली होती. जुना बनलेला माल जिथं पडला असेल तिथून शोधून आणायचा, एवढाच मार्ग उरला होता. त्याच्याऐवजी नव्या पद्धतीचे पाहिजे तेवढे इको होते, म्हणून त्यानं एक पाठवला. मास्तरांनी तो दुकानात जोडून बघितला, पुन्हा तीच तिरकी मान. "ह्यो बी परत बोलतो," ते म्हणाले, "पर माज्यावानी न्हाई बोलत." इको खोक्यात परत गेला.

मग एका फिरत्या विक्रेत्यानं दिल्लीची नक्कल आणून दिली. ती मास्तरांनी मोठ्या आशेनं नेली. पहिल्याच लग्नात तिनं रेडिओ पकडला. हळदीचं गाणं रंगात आलेलं आणि भोंग्यातून एक गृहस्थ शांतपणे हवामानाचा अंदाज सांगायला लागले. वऱ्हाडी हसून हसून बेजार. मास्तरांना मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ती डबी माझ्यासमोर ठेवली आणि बाकावर बसून राहिले.

मला खरं तर त्यांचा कंटाळा यायला लागला होता. बाजाराच्या दिवशी ते यायचे, पायरी चढायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, मी मान हलवायचो, तरीही ते बसायचेच. मिक्सर घ्यायला आलेला माणूस उभा आणि इको न आलेला माणूस बाकावर. वडिलांच्या नियमाचं हे फळ होतं.

पण त्यांना घाई का होती, ते एका दिवशी कळलं. गणपतीच्या आधी ते त्यांच्या धाकट्या चुलतभावाला घेऊन आले. पार्टी दोघांच्या भागीदारीत होती. मास्तर वाजवायचे आणि जनरेटर, गाडा, सुपाऱ्या घेणं हे सगळं भाऊ बघायचा. माणूस वाईट नव्हता. खणखणीत बोलायचा आणि कामाचं तेवढंच बोलायचा.

"शेठ, खरं सांगा, ह्यांचा इको येणार हाय का न्हाई?" त्यानं विचारलं.

"यायचाय," मी म्हणालो.

"वरीस झालं आयकतोय आमी. लोकांना आता कीबोर्ड पायजे. एका पेटीत बासरी निघती, सनई निघती, ढोल निघतो. महाळुंग्याच्या पार्टीनं आणला, त्यांच्याकडं लई सुपाऱ्या जात्यात. कोरड्या बेंजोवर मी किती लग्नं घेऊ?"

मास्तर वर टांगलेल्या वायरींकडे बघत होते.

"दसऱ्याला सुपाऱ्या सुरू व्हत्यात," भाऊ म्हणाला. "तवर इको आला, तर बेंजो म्होरं. न्हाई आला, तर कीबोर्ड म्होरं आन् दादा गाड्याच्या मागं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगतोय, मागनं न्हाई."

पुढे आणि मागे यात काय एवढं, असं बाहेरच्याला वाटेल. बेंजो पार्टीत सगळं त्यातच असतं. गाड्याच्या पुढं जो उभा राहून वाजवतो, त्याच्याकडे बघून लोक नाचतात. नवरदेवाचा मामा त्यालाच नारळ देतो, फर्माईश त्यालाच करतो. मागं असतो तो जनरेटर आणि तो सांभाळणारा. मास्तर तिशीच्या आत असल्यापासून पुढं होते.

त्या दिवसापासून मी व्यापाऱ्याच्या मागं हात धुऊन लागलो. मास्तरांची फार दया आली असं नाही. माझं दुकान एका माणसाला मागं ढकलायला कारण होणार, हे मला आवडलं नाही. एसटीडी बूथवाला माझा नंबर न विचारता फिरवून द्यायला लागला. शेवटी व्यापाऱ्याला कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाच्या साठ्यात एक सापडला, न उघडलेला, जुनाच, हवा तोच. तोपर्यंत टोमॅटोचे भाव कोसळले होते आणि वाशीला टेम्पो जाईनात. मी पर्युषणात देवाकडे कधी काही मागत नाही, पण त्या वर्षी टोमॅटोला भाव मिळावा असं मनात येऊन गेलं.

भाव चढला. खंडेनवमीच्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेला एक टेम्पो दुकानासमोर थांबला आणि ड्रायव्हरनं रिकाम्या क्रेटमधून खोका काढून दिला. मी निरगुडसरच्या जीपवाल्याकडे निरोप धाडला. दुपार व्हायच्या आत मास्तर आणि भाऊ दोघंही हजर.

बेंजो बरोबर आणला होताच. इको जोडला, लाल दिवा लागला. मास्तरांनी एक स्वर छेडला. तो गेला, परत आला, पुन्हा आला, लहान होत होत भोंग्यांच्या ढिगात कुठंतरी हरवला. मी आवाजाचा वैरी, पण मलाही तो स्वर संपू नये असं वाटलं. भाऊ म्हणाला, "चला, जमलं. बेंजो म्होरं." मास्तर हसले. वर्षभरात त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले.

खंडेनवमीला आपापली हत्यारं पुजायची, हे सगळीकडचंच. शेतकरी नांगर पुजतो, सुतार वाकस पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. बेंजोवाले घरी घोंगडं अंथरून त्यावर ढोल, ताशा, हलगी, बेंजो मांडतात. मास्तरांच्या मनात इकोबद्दल एक बोच होती, ती त्यांनी मला नंतर सांगितली. वाद्य म्हणजे सरस्वती, चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. आणि हे एकच वाद्य असं, की वर्षभर त्याच्यावर पाय द्यायचा. त्यामुळे निदान एक दिवस त्याचं सगळ्यांत जास्त करायचं, असा त्यांचा रिवाज. जुन्या इकोला ते हळदकुंकू लावून फूल वाहायचे. हा तर नवा. नव्या गाडीसमोर नारळ फोडतात, तसा त्यांनी इकोसमोर नारळ फोडला आणि ते पाणी श्रद्धेनं त्याच्यावर शिंपडलं. थोडं उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून तेही ओतलं.

वर आणखी एक गोष्ट. पूजेच्या वेळी वाद्य निजलेलं नसावं म्हणून त्यांनी वायर जोडून दिवा चालू ठेवला होता. नुसती ओली झालेली वस्तू कधीकधी वाळून सुधारते. चालू असताना ओली झालेली नाही सुधारत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच आले. मी डबी उघडली. आत हळदीचा चिखल झाला होता, एक अक्षत पाटीला चिकटलेली होती आणि चिपच्या कडेला जळल्याचा काळा डाग होता. मला हसावं की रडावं ते कळेना, आणि पुढच्याच क्षणी भयंकर राग आला. वर्षभर फोन केले होते मी! "कोरड्या हातानं नमस्कार केला असता तर देव कोपला असता का?" मी ओरडलो. दुकानातली माणसं बघायला लागली. मास्तर म्हणाले, "ऱ्हावलं न्हाई, शेठ. यवढ्या दिसानी आला व्हता."

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तो एकच होता. मी तसंच मास्तरांना सांगितलं. 'यायचाय' हा शब्द त्या दिवशी मी वापरला नाही. वडील शेजारीच बसले होते, त्यांनीही मला टोकलं नाही.

"भावाला सांगू नका," मास्तर म्हणाले. "त्यानं बेंजोच्या बोलीवर सुपाऱ्या घेतल्यात."

मी म्हटलं, सांगायची गरज पडणार नाही, पहिल्याच लग्नात त्याला ऐकू येईल. मास्तर म्हणाले, "तवा बगू." त्यांनी डबी पुसून घेतली. बंद पडलेली, तरी घेऊन गेले.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. महाळुंगे पडवळच्या एका टोमॅटोवाल्या गिऱ्हाइकाच्या मुलाचं लग्न होतं, मला आग्रहाचं आमंत्रण होतं. सूर्यास्ताआधी जेवून निघायचं म्हणून मी दुपारीच पोचलो. लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या देवळात नेऊन आणतात, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्या निघाला आणि मला गाडा दिसला. पार्टी निरगुडसरचीच होती आणि गाड्याच्या पुढं मास्तर होते.

त्यांच्या पायाखाली इको होता. वायर बाजूनं वळवून सरळ अँप्लिफायरला जोडली होती. मीच विकलेली वायर, त्यामुळे मला समजलं. डबी नुसती ठेवली होती. तरी मास्तर जिथं दाबायची तिथं ती बरोबर दाबत होते. गाण्याच्या ओळीच्या शेवटी उजवा पाय उचलायचा, दाबायचा, मान तिरकी करायची. आणि पुढं काहीच यायचं नाही. स्वर तिथंच तुटायचा. मला ते बघवेना. पुढची पायरी नसलेल्या जिन्यावर माणूस पाय टाकतोय असं प्रत्येक ओळीला वाटत होतं.

मी भोवताली पाहिलं. पोरं नाचत होती. नवरदेवाच्या करवल्या नाचत होत्या. एक म्हातारे गृहस्थ टोपी हातात घेऊन नाचत होते. मामानं मास्तरांना नारळ दिला, पाठीवर थाप मारली, अजून एक गाणं मागितलं. कुणीही थांबलं नाही, कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. घामानं थबथबलेला भाऊ गर्दीतून माझ्याजवळ आला आणि माझा हात धरून मोठ्यानं म्हणाला, "बगा शेठ, इको आला तर काय वाजतंय! मी म्हनत न्हवतो का दादाला!"

त्याचा आवाज मास्तरांपर्यंत पोचला. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुढचं कडवं सुरू केलं.

मला आनंद व्हायला हवा होता. माणूस वाचला होता, त्याची जागा शाबूत होती, सगळा हंगाम तो पुढं राहणार होता आणि कुणाला काही कळणार नव्हतं. पण मला फार वाईट वाटलं. जेवलोसुद्धा धड नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मास्तर आले. पायरी चढताना त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. बाकावर न बसता गल्ल्याशी उभे राहिले.

"तुमाला कळलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हणालो. "लगेच कळलं."

"तुमाला कळनारच. तुमी इकलाय त्यो." मग म्हणाले, "धा वरीस भाऊ माज्या पाठीमागं हुबा हाय. त्याला न्हाई कळलं. येकालाबी न्हाई कळलं, शेठ."

मी म्हणालो, "मग चांगलंच झालं की. कीबोर्ड टळला. तुम्ही पुढंच राहणार."

"कुनाच्या म्होरं?" ते म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नाही. रागही नव्हता. हिशेब संपल्यावर माणूस बोलतो तसं ते बोलत होते. मी पाणी विचारलं, त्यांनी नको म्हटलं.

"कीबोर्ड हाय का?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं धंदा केला, पण माल यायला उशीर लागेल असं सांगावंसं मला त्या एका दिवशी वाटलं. बंदरात आहे, कस्टममध्ये आहे, टोमॅटोला भाव नाही, काहीही. शब्द तोंडापर्यंत आलाही होता. पण कीबोर्डचे चार खोके माझ्या पाठीमागच्या फळीवर होते, आणि मास्तर त्यांच्याकडेच बघत होते.